वाळू, दव आणि कढत पाणी

गाडीच्या पुढच्या काचेवर मुगाच्या डाळीएवढा टवका. त्यातून निघालेली रेघ तिरकी वर चढून थेट स्टिअरिंगसमोर थांबलेली... फडकं तिथे आलं की किंचित अडे, आणि अडलं की दगडूच्या मस्तकात तिडीक जाई. शुक्रवारची सकाळ, जानेवारीचा गारठा, दुबईच्या ऊद मेथा भागातल्या सगळ्या गाड्यांवर दव आणि दवाखाली वाळूची बारीक धूळ. बोटांची पेरं उकललेली. तरी फडकं आधी टेकवायचं नाही. आधी वरून पाणी सोडायचं, वाळू वाहून जाऊ द्यायची, मग टपापासून खाली यायचं, दारांची रबरं कोरडी करायची... आणि गारठलेल्या काचेवर कढत पाणी? जन्मात नाही! अकरा हिवाळे या हातांनी गाड्या धुतल्यात. एक ओरखडा दाखवावा कुणीही.

आणि शिकवायला आले कोण, तर सूर्यकांत साहेब! या गाडीचे मालक, पुण्याचे इंजिनिअर, स्वतःचा चष्मासुद्धा स्वतः पुसत नसतील.

"थंड काचेवर गरम पाणी ओतायचं नसतं, एवढीही अक्कल नाही तुला?" परवा, बुधवारी संध्याकाळी, सगळं पार्किंग ऐकेल अशा आवाजात. त्याचाच नियम त्याच्याच तोंडावर मारला होता. वर इमारतीच्या राखणदाराला, कमरुद्दीनला हुकूम... "इसको निकालो, दूसरा आदमी देखो." कमरुद्दीनने मान हलवली. दुसरा मिळेपर्यंत काम कर म्हणाला. पण त्याने एकदा 'काच फोडणारा' म्हटलं, की या गल्लीत कुठल्या इमारतीत दगडूला बादली टेकवू देतील? साहेबांशेजारी त्यांच्या पत्नी, अनुपमा वहिनी उभ्या होत्या. पर्सची चेन लावत होत्या. एक चेन लावायला किती वेळ लागतो माणसाला?

कारण काच फोडली होती वहिनींनीच. त्याच बुधवारी सकाळी तो दोन गाड्या सोडून पलीकडे होता. त्यांचा मुलगा तन्मय गाडीत बसून "ममा, वी आर लेट!" म्हणून ओरडत होता, काचेवर दवाचा चिखल झाला होता, आणि वहिनी घरातली विजेची किटली घेऊन धावत खाली आल्या. "वहिनी, नको..." एवढं त्याच्या तोंडून निघेपर्यंत टक् असा आवाज झालाही. त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग गाडी काढली नि गेल्या.

"दगडूभाऊ."

त्याने मान वर केली. वहिनीच. हातात वाफाळती बादली.

"हे आणलं... हातांना. गारठले असतील तुमचे."

हातांना! त्याच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

"वहिनी, काच कोणी फोडली?"

त्यांनी वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "सहाव्या टेस्टला लायसन्स मिळालंय मला. यांना कळलं तर चावी काढून घेतील. तुम्हाला नाही कळायचं... या घरात ती एकच गोष्ट माझी आहे."

"म्हणजे तुमची चावी राहावी म्हणून माझं नाव गेलं."

"सांगेन ना मी त्यांना. इन्शाल्ला."

रजेचा अर्ज दिला की कंपनीतला फोरमन म्हणतो तसलं टाळाटाळीचं इन्शाल्ला... त्याला ते चांगलं ओळखू येत होतं. त्या गेल्या. बादली राहिली. पालथी करावी, त्यांच्याच दारापर्यंत ओघळ जाऊ द्यावा... पण बोटं ऐकेनात. त्याने दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले, आणि बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्याचाच त्याला संताप आला.

बाई खोटी. साहेब उर्मट. झालं, दोघांना मनसोक्त शिव्या घालून झाल्या... पण बुधवारी ओरडण्याआधी साहेबांनी काचेकडे नुसतं बोट दाखवलं होतं, 'हे कुणी...' हा प्रश्न अजून पुरा व्हायचा होता, वहिनींनी गप्प राहायचं की नाही हे ठरवलंही नसेल, आणि तेवढ्यात कोण म्हणालं होतं "चुकलं साहेब"? कुणी सांगितलं नव्हतं. कुणी हात उगारला नव्हता. शब्द तोंडात तयारच होते, कोण जाणे किती वर्षांपासून. पाणी निवत चाललं होतं. त्याला हात बाहेर काढवेनात, आणि आता राग नेमका कुणावर धरायचा तेही त्याला सुचेना.