एर्मेलिंदा सिनेमा काढते

अबुंदियो लेर्माची हयात कॅमेऱ्यामागे गेली होती, पण बाईच्या हाताखाली काम करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

एर्मेलिंदा साराते त्याला नवी नव्हती. स्टुडिओत ती टायपिस्ट म्हणून लागली तेव्हापासून तो तिला ओळखत होता. दुसऱ्यांच्या पटकथा टाइप करताना ती गुपचूप संवाद सुधारायची. चोरी पकडली गेली तेव्हा मालकाने तिला हाकललं नाही, लिहायलाच बसवलं. पंधरा वर्षांत तिने बावीस सिनेमे लिहिले. दिग्दर्शनाचं नाव काढलं की मात्र सगळे हसायचे. सेहेचाळिसाव्या वर्षी एक निर्माता कसाबसा तयार झाला, तोही पाच आठवड्यांच्या बोलीवर.

म्हणून एप्रिलच्या उन्हात सगळी मंडळी समुद्रकाठच्या कुयुत्लान गावच्या मिठागरांवर येऊन पडली होती.

पहिल्याच दिवशी अबुंदियो मोठ्याने म्हणाला, "बाईंना कॅमेऱ्याचं तोंड कुठे असतं ते दाखवा रे कुणीतरी."

"जिकडून बडबड येत नाही तिकडे," एर्मेलिंदा म्हणाली आणि कामाला लागली. त्यालाही हसू आवरलं नाही.

चौथ्या आठवड्यात मुख्य प्रसंग आला. मिठागरावरचा मजूर मरतो, बातमी घरी येते, बायको किंचाळून कोसळते. नटी तीनदा झकास कोसळली. बघायला जमलेल्या मिठागरवाल्या बायकांत क्लेता नावाची एक विधवा होती. ती फिस्सकन हसली.

"काय झालं हो?" एर्मेलिंदाने विचारलं.

"काही नाही बाई. छान पडते पोरगी."

"तुम्ही काय केलं होतं?"

क्लेता म्हणाली, "बारा माणसं जेवायची होती. मी बारा ताटल्या मांडल्या. मग एक उचलली. ती कुठे ठेवायची तेच कळेना. हातात धरून तशीच उभी राहिले."

एर्मेलिंदाने शूटिंग थांबवलं. निर्मात्याचा माणूस रोगासियानो तणतणत आला. "अहो, दिवस फुकट जातोय! लिहिलंय तसं घ्या ना!"

"लिहिलंय मीच. चुकीचं लिहिलंय."

खोक्यावर टाइपरायटर ठेवून तिने प्रसंग नव्याने लिहिला. संवाद एकही नव्हता. संध्याकाळी, ऊन कलताना, क्लेताने नटीला ताटली कशी धरायची ते दाखवलं आणि कॅमेरा सुरू झाला. नटी ताटली घेऊन उभी राहिली. खरं म्हणजे अबुंदियोने कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ न्यायला हवा होता. तो जागचा हलला नाही. ‘कट’ झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि उन्हाला शिव्या घातल्या.

सिनेमा राजधानीत जेमतेम आठवडाभर चालला. मिठागरांच्या मुलखात, कोलिमात, मात्र लोक दोन-दोनदा बघायला आले. क्लेता थिएटरातून बाहेर आली, एर्मेलिंदाचा हात धरून म्हणाली, "बाई, तुम्ही विचारलंत. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

हसणाऱ्यांची तोंडं त्यामुळे बंद झाली असं नाही. पुढचा सिनेमा मिळायला तिला तीन वर्षं लागली. तेव्हा तिने अबुंदियोला फोन केला. "जानेवारीत मोकळे आहात का?"

जानेवारीत त्याचं एका मोठ्या रंगीत सिनेमाचं ठरलेलं होतं.

"मोकळाच आहे," तो म्हणाला. "कुठे यायचं तेवढं सांगा."