झाकलेलं नाव

मी एका वकीलबाईंच्या टेबलावरचा काळा मार्कर बोलतोय. दिसायला यथातथाच, वासाला उग्र, पण कामाला पक्का. मी गिळलेलं अक्षर आजवर कोणाला पुन्हा वाचता आलेलं नाही.

माझं काम नावं झाकण्याचं. साक्षीदाराच्या जिवाला धोका असला, की कोर्ट कधीकधी सांगतं, कागद समोरच्यांना द्या, पण नाव झाकून. मग कचेरीतले जुने कारकून, ज्यांना सगळे काका म्हणतात, मला उचलायचे. पट्टी धरून नावावरून दोनदा फिरवायचे. मग एक डोळा मिटून कागद खिडकीशी उजेडात धरायचे. अक्षराची नुसती चाहूल लागली तरी तिसरा हात! शेवटी त्याची झेरॉक्स काढून तीच द्यायचे. माणूस चिकट, पण त्यांच्या हातून एकही नाव फुटलं नाही. माझी शाईही तेच भरायचे.

मग एका कारखान्याची केस आली. रसायनाची टाकी साफ करायला उतरलेले तीन कामगार आत गुदमरून गेले होते. त्यांच्या बायका आमच्याकडे आल्या. कंपनी म्हणत होती, मास्क दिले होते, त्यांनीच घातले नाहीत. वर कोर्टाने कागदपत्रं द्यायला लावली, तेव्हा चाळीस हजार ईमेल एका डिस्कवर भरून पाठवले. बसा चाळत!

बाई पन्नाशीच्या, पण हटल्या नाहीत. नवं सॉफ्टवेअर घेतलं, चष्मा पुसून पुसून शिकल्या. खोटं कशाला बोलू, त्या यंत्राने दोन दिवसांत कारखान्याच्या साहेबाचा ईमेल शोधून दिला: 'मास्कचं पुढच्या महिन्यात बघू.' काकांना सहा महिने लागले असते. मला तर हेवाच वाटला.

त्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारी एक बाई होती. मास्क तीन महिने नव्हतेच, असा जबाब तिने दिला. अट एकच.

"ताई, माझं नाव बाहेर येता कामा नये. माझा भाऊही तिथेच आहे."

कोर्टाने नाव झाकायला परवानगी दिली, आणि इथेच माशी शिंकली. वकीलबाईंनी जबाब संगणकावरच उघडला आणि नावावर काळी चौकट ओढली. माझ्याहूनही काळी.

"ताई, उजेडाला धरून बघितलंत का?" काकांनी विचारलं.

"काका, आता स्क्रीन काय खिडकीत नेऊ?"

दोघंही हसले. फाईल कंपनीच्या वकिलाकडे गेली.

चौकट नावावर नुसती ठेवलेली होती. खाली नाव तसंच होतं. पलीकडच्या वकिलाने ती ओळ कॉपी करून कोऱ्या पानावर टाकली आणि नाव आडनावासकट उमटलं. नाव कायमचं काढायची सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये होती. तेवढं बाईंचं शिकायचं राहिलं होतं.

आठवड्याने ती स्टोअरवाली आली.

"बसा ना," बाई म्हणाल्या. ती उभीच राहिली.

"भाऊ पॅकिंगला होता. उद्यापासून त्याला टाकीत उतरवतायत. मला जबाब मागे घ्यायचाय."

"आपण आजच कोर्टात संरक्षणाचा अर्ज करू."

"तारीख उद्या सकाळच्या आत मिळेल?"

 बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे."

"हे मी आईला जाऊन सांगू का?"

काकांनी कागद टाईप केला, तिने सही केली आणि आमच्याकडे न बघता गेली. उरलेल्या एका ईमेलवर तीन बायकांची केस उभी राहील की नाही, ते बाईंनाही सांगता येत नाही.

हल्ली मला कोणी शाई भरत नाही. टोक वाळून कडक झालंय, त्याचं मला फारसं दुःख नाही. वकीलहो, यंत्रं जरूर शिका, पण अर्धवट शिकून त्यावर दुसऱ्याचा जीव टांगू नका. मला कचऱ्यात टाकायचं तर खुशाल टाका. त्याआधी कोणीतरी चौकशी करून मला एवढंच सांगा, तिचा भाऊ टाकीतून वर आला का?