नक्षी कोणाची

माझा नवरा कुको कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत वीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवतोय. ठेकेदारीचं लायसन्स मात्र नाही. मिसेस टिलमनचं काम संपलं, तेव्हा "फरशी वाकडी बसलीय" म्हणून तिने शेवटचे साडेचार हजार डॉलर द्यायचं नाकारलं.

चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी नोएमी फुकट कायद्याचा सल्ला देते. तिच्याकडे गेलो.

"काका, ठेकेदार म्हणून दावा लावलात तर दमडीही मिळणार नाही," ती म्हणाली. "उलट आधी दिलेले सहा हजारही ती परत मागेल."

"म्हणजे राबायचं मी, आणि पैसेही मीच द्यायचे?"

"लायसन्स नाही ना. एकच वाट आहे. तुम्ही तिच्याकडे रोजावर होता, ती सांगेल तसं करत होता, असं असेल तर ती मजुरी झाली. मजुरीचा दावा कामगार कार्यालयात लावता येतो. पण तसं होतं का?"

कुको माझ्याकडे बघायला लागला.

"वेळ तीच ठरवायची," मी घाईने म्हणाले. "आठला या, तीनला जा. फरशाही तिनेच आणल्या." हे सगळं खरंच होतं. बाकीचं मी बोलले नाही.

तीन महिन्यांनी कामगार कार्यालयात सुनावणी झाली. खोलीला खिडकी नव्हती. कुकोला इंग्रजी जेमतेम कळतं, म्हणून स्पॅनिश दुभाष्या फोनवर होता. आमच्यासमोर बसलेली मिसेस टिलमन आता भलतंच बोलायला लागली.

"मी ह्यांना काही सांगितलंच नाही. मला फरशीतलं काय कळतंय? शॉवरजवळची ती नक्षी पूर्ण ह्यांच्या डोक्यातली. कलाकार माणूस आहे! माझी बहीण ती बघायला ओरेगॉनहून आली."

"पण फरशी वाकडी आहे म्हणून पैसे दिले नाहीत, असं तुम्ही लिहून दिलंय," अधिकारी बाई म्हणाल्या.

"थोडीशी वाकडी आहे," मिसेस टिलमन म्हणाली.

दुभाष्याने हे सगळं बाजारहाटाची यादी वाचावी तसं भरभर सांगून टाकलं.

अधिकारी बाई कुकोकडे वळल्या. "नक्षी कोणी ठरवली?"

ती नक्षी आमच्या स्वयंपाकघरात जुळली होती. तीन रविवार त्याने फुटक्या फरशांचे तुकडे जमिनीवर मांडले, उचलले, परत मांडले. बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही उभ्यानेच जेवायचो. मी वैतागून त्याला वाट्टेल ते बोललेही होते.

"बाईंनीच," कुको म्हणाला. "मला नक्षीतलं काही कळत नाही. त्या बोट दाखवतील तिथे मी फरशी लावायचो."

मला वाईटसुद्धा वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. पर्समध्ये बीन्सचे बुरिटो होते, ते आता गार झाले असतील, एवढंच मनात आलं.

महिन्याने निकाल आला, मग चेकही आला. पूर्ण साडेचार हजार. कुकोने तो माझ्या हातात दिला आणि जेवायला बसला. दोन घास खाऊन थांबला.

"ती तेव्हा काय म्हणाली होती गं? फोनवरचा माणूस फार भरभर बोलत होता."

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

मी सगळं सांगितलं. कलाकार हा शब्द दोनदा सांगितला. तो ताटाकडे बघत ऐकत होता.

"बहीण कुठून आली होती म्हणे?"

"ओरेगॉनहून."

"लांब आहे," कुको म्हणाला.