ढकलू नका, मी कापतेय

मी करवत बोलतेय. दचकू नका. झाडं आडवी करणारी ती माझी लांबची आत्या. तिचा आवाज ऐकला की मलाही धडकी भरते. मी नक्षीची करवत. मला एक लोखंडी टेबल आहे, त्यावर एक लांब हात आहे आणि दोन चिमट्यांमध्ये उभं ताणून धरलेलं, शिवणाच्या दोऱ्याहून जरासंच जाड असं एक पातं आहे. बटण दाबलं की ते मिनिटाला हजारदा वर-खाली होतं. मी जागची हलत नाही. लाकूड माझ्याकडे यायचं, वळायचं, आणि मी त्यातून पान, फूल, हत्ती, जे काय असेल ते मोकळं करायचं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे तपासणीला एक बाई होत्या. त्या प्रत्येक यंत्राच्या टेबलावर एक नाणं कडेवर उभं करायच्या आणि यंत्र सुरू करायच्या. नाणं पडलं की यंत्र परत. माझं नाणं चांगलं अर्धा मिनिट उभं राहिलं. बाईंनी मान डोलावली आणि माझ्या पाठीवर हिरवा ठिपका लावला. तेव्हापासून मला थोडी घमेंड आहे, ती अजून उतरलेली नाही.

दुकानात मी आठ महिने काढले. शेजारी गोल पात्याचं एक दांडगं यंत्र होतं. गिऱ्हाइकं त्याच्याकडे आदरानं बघायची आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारायची, हे शिवणाचं मशीन आहे का? मला फार राग यायचा. पण पुढे याच गोष्टीनं माझं भलं केलं, ते सांगतेच.

मला घरी आणलं धाकट्यांनी. वय सहासष्ट, डोक्यावर मोजके केस, पण नात्यागोत्यात सगळे त्यांना अजून धाकटेच म्हणतात, कारण त्यांना एक थोरले भाऊ आहेत. धाकट्यांनी जन्मभर टपालाची पत्रं वाटली. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी सकाळी नऊ वाजता ते सवयीनं बूट घालायचे, आणि कुठे जायचं नाही हे आठवलं की काढायचे. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणते. मावशी घरीच पडदे आणि शाळेचे गणवेश शिवतात. बुटांचं हे नाटक रोज बघून त्या शेवटी म्हणाल्या, आता काहीतरी छंद धरा, नाहीतर मी ते बूट लपवून ठेवीन. त्याच आठवड्यात मी आले.

माझी जागा मागच्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. ते मशीन स्वभावानं चांगलं आहे, पण कपडे पिळायला लागलं की अंगात आल्यासारखं करतं. त्या वेळात माझ्यावर काम करायचं नाही असा आता घरचा नियम आहे.

पहिल्या दिवशी धाकट्यांनी माझं पातं उलटं बसवलं. दात खाली हवेत, ते वर आले. मग काय, लाकडाची फळी टेबलावर टणाटण उड्या मारायला लागली आणि धाकटे दोन्ही हातांनी तिला दाबून बसले. माझ्यातच दोष आहे असं त्यांनी दुकानदाराला फोन करून सांगितलं. माझ्यात! जिच्या पाठीवर हिरवा ठिपका आहे तिच्यात! दुकानदारानं पातं कसं बसवलंय ते विचारलं आणि पुढचं बोलणं फार हळू आवाजात झालं.

पातं सुलटं झालं तरी धाकट्यांची घाई काही सुलटी होईना. पत्रं वाटायची सवय. पुढचं दार गाठायचं. ते लाकूड माझ्यावर ढकलायचे, पातं मागे वाकायचं आणि तुटायचं. पहिल्या आठवड्यात अकरा पाती गेली. आठव्या दिवशी मावशी कपडे वाळत घालायला आल्या, जरा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा बरं." त्या स्टुलावर बसल्या. त्यांनी फळीवर नुसती बोटं टेकवली, जशी त्या सुईखाली कापडावर टेकवतात. वळण आलं तसं लाकूड वळलं. मी पहिल्यांदाच एक अख्खं पान कापलं, देठासकट. "ओढायचं नाही, ढकलायचं नाही," मावशी म्हणाल्या. "तिला कापू द्यायचं." त्या वाक्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

मग आमचं छान जमलं. धाकटे फळी निवडायचे, भोकं पाडायचे, पॉलिश पेपरनं कडा घासायचे. अवघड वळणं मावशींची. हळूहळू धाकट्यांचाही हात बसला. वर्षभरात इमारतीतल्या प्रत्येक घरी माझा एक तरी हत्ती पोचला. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे तर आमचं एक लाकडी कोडं आहे. दाढ दुखणारी माणसंसुद्धा ते लावत बसतात म्हणे.

फक्त एक माणूस खूश होत नव्हता. थोरले. थोरले नकाशे काढायच्या कचेरीत होते. माणूस वाईट नाही, पण हाडाचा काटेकोर. त्यांना दहाला बोलावलं तर दहाला पाच कमी असताना येऊन खाली फाटकापाशी उभे राहतील आणि दहाच्या ठोक्याला बेल वाजवतील. आमचा हत्ती त्यांनी हातात घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, मागचा डावा पाय आखूड आहे. होता, हे मला मान्य करावं लागेल. धाकट्यांचा चेहरा मात्र उतरला.

या दोघांत एक जुनी गोष्ट होती. लहानपणी वडील दोघांना घेऊन फोटो काढायला गेले होते. थोरले नऊ वर्षांचे, धाकटे पाच. फोटोत वडील मधे, मुलं दोन बाजूंना. सगळं स्वच्छ आलंय, फक्त थोरल्यांचा चेहरा पुसट झालाय, जणू त्यांना दोन नाकं आहेत. धाकट्यानं ऐन वेळी मागून ढोसलं म्हणून असं झालं, हे थोरले घरातल्या प्रत्येक समारंभात सांगत. धाकट्यांना काही आठवत नव्हतं. पाच वर्षांच्या पोराला काय आठवणार? एकुलता एक फोटो आपण बिघडवला, हे ते बिचारे मानून चालले होते. पुढे काहीही सांडलं, फुटलं, हरवलं की थोरले म्हणायचे, हा तेव्हापासून असाच. आणि धाकटे हसून मान खाली घालायचे. ते हसणं मला कधी खरं वाटलं नाही.

थोरल्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. धाकट्यांनी ठरवलं, त्याच फोटोचं लाकडी कोडं करून द्यायचं. एकही कड वाकडी नको, एकही तुकडा सैल नको. भावाला एकदा तरी "छान" म्हणायला लावायचं. मला ते स्पष्ट कळलं होतं, कारण त्या दिवसांत धाकटे सरावासाठी रद्दी प्लायवुडचे ढीगच्या ढीग कापत होते.

फोटो थोरल्यांकडे होता, कपाटात, कुलपात. प्रत काढून परत देतो म्हणून धाकट्यांनी तो मागितला. थोरल्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा दिला, तो पाकिटात घालून, वर सूचना देऊन. मागच्या बाजूला वडिलांचं अक्षर आहे, त्यांच्या हातचं आता तेवढंच उरलंय, घडी घालू नकोस, ओला करू नकोस, रविवारी दहाला न्यायला येतो. मागे खरंच पेन्सिलीनं दोन ओळी होत्या, पण इतक्या फिक्या की धाकट्यांना नुसती तारीख लागली. भिंग आणून निवांत वाचू, असं ते म्हणाले. मग दुकानातून जाड कागदावर हुबेहूब प्रत काढून आणली आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवली.

आता इथे नक्षीकाम करणाऱ्यांची एक अडचण सांगते. भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यांना वेगळा चष्मा लावावा लागतो, आणि तो लावायचा तर नंबरचा काढावा लागतो. शिवाय गोंद लावायचा तो लाकडाला, कागदाला नाही. नाहीतर कागद सुरकुततो. म्हणजे कागदाच्या पाठीकडे बघायचं काही कारणच उरत नाही. धाकट्यांनी फळीला गोंद लावला, पाकिटातून एक फोटो काढला, बसवला, रुमालानं दाबला. वाळल्यावर फळी माझ्यासमोर आली आणि मी खालच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. इतकी सुंदर ओळ मी कधी कापली नव्हती. थोरल्यांच्या बुटापर्यंत पोचले होते.

तेवढ्यात मावशी पाकीट हातात घेऊन बाल्कनीच्या दारात आल्या. त्यांनी आतला फोटो उलटा करून धरला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "याच्या मागे काहीच लिहिलेलं नाही."

धाकट्यांनी मला बंद केलं. नंबरचा चष्मा लावून त्यांनी ती पांढरी पाठ पाहिली. वडिलांचं अक्षर माझ्या टेबलावर होतं, लाकडाकडे तोंड करून, गोंदात. आणि कापत होते मी, तेही मोठ्या दिमाखात. माझी घमेंड उतरली असेल तर ती तेवढीच दोन दिवस.

धाकट्यांनी केस वाळवायच्या मशीननं गोंद सैल करायचा प्रयत्न केला. एक कोपरा सुटला, पण कागदाचा वरचाच थर सोलून आला. आणखी ओढाल तर चेहरेही जातील, असं सांगून मावशींनी त्यांचा हात धरला. मग धाकट्यांच्या डोक्यात आलं की प्रतीच्याच मागे पेन्सिलीनं लिहून टाकावं. पेन्सिलीला टोकही काढलं. पण लिहिणार काय? खोटं लिहायचं तर खरं काय होतं ते तरी ठाऊक हवं. त्यांनी पेन्सिल ठेवली, माझ्यावर जुनी चादर टाकली आणि मावशींना म्हणाले, हे मशीन कुणालातरी देऊन टाक. माझ्या हातून काही धड होत नाही, दादा म्हणतो ते खरं आहे. चादरीखाली मला रडू आलं असतं, पण आमच्यात तशी सोय नाही.

रविवारी दहाच्या ठोक्याला बेल वाजली. धाकटे थोरल्यांना चहाही न विचारता थेट बाल्कनीत घेऊन आले आणि त्यांनी चादर काढली. फळी तशीच होती, अर्धवट कापलेली.

"दादा, मी प्रत समजून खराच फोटो चिकटवला," ते म्हणाले. "अक्षर गेलं. माझी चूक आहे."

थोरल्यांनी फळी उचलली. डोळ्यांसमोर धरली, त्या हत्तीसारखीच. मावशी दाराशी टॉवेलची घडी घालत होत्या, ती चार वेळा मोडून पुन्हा घातली.

"मागचं वाचलं होतंस?" थोरल्यांनी विचारलं.

"नाही. भिंग आणणार होतो."

थोरले स्टुलावर बसले. त्यांना उठून जाता आलं असतं. रागावता आलं असतं, तो हक्कच होता त्यांचा. आणि गप्प राहिले असते तर जगात कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी फळी अलगद माझ्या टेबलावर ठेवली.

"तू सरळ सांगितलंस," ते म्हणाले. "मग मीही सांगतो. मला पाठ आहे ते. बाबांनी लिहिलं होतं, थोरला हलला. धाकटा शहाण्यासारखा उभा होता. पुन्हा काढायला नको, आहे तो छान आहे."

मावशींची टॉवेलची घडी अर्धीच राहिली. शेजारचं मशीनसुद्धा नेमकं भिजवण्यावर थांबलं होतं.

"म्हणून कुलपात ठेवला होतास?"

"हो."

"साठ वर्षं, दादा?"

"एकसष्ट," थोरले म्हणाले.

आधी मावशींना हसू फुटलं. मग धाकट्यांना, आणि या वेळचं हसणं खरं होतं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, नंबरचा चष्मा. थोरले मान खाली घालून बसले होते. धाकट्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चहा घेऊ, आणि मग हे पुरं करू. अर्धवट टाकलेलं तुला चालत नाही ना?

पुढची ओळ मीच कापतो, असं थोरल्यांनी बजावलं. बसले, फळी धरली आणि नकाशावर पट्टी दाबावी तशी माझ्यावर रेटली. टण्ण! पातं गेलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आनंदाचं तुटणं ते.

"ढकलू नकोस, दादा," धाकटे म्हणाले. "तिला कापू दे."

आणि थोरल्यांनी ऐकलं. बोटं सैल सोडली. धाकटे बाजूला उभे राहून त्यांना वळण दाखवत होते, आणि मोठा भाऊ लहान भावाचं मुकाट ऐकत होता.

त्रेपन्न तुकडे झाले. थोरल्यांचा दोन नाकांचा चेहरा एकाच तुकड्यात यावा म्हणून मावशींनी ती वळणं स्वतः कापली. तो तुकडा उचलून थोरल्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान." धाकट्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

आता थोरले आठवड्यातून दोनदा येतात. आल्याआल्या पात्यांची डबी मोजतात, मग त्यातली दोन-तीन मोडतात. हत्तीचे चारही पाय हल्ली सारखे येतात, पण सोंडेवरून दोघांची रोज जुंपते. माझा हात थोडा खिळखिळा झालाय, टेबलावर ओरखडे पडलेत. परवा धाकट्यांनी माझ्यावर नाणं उभं करून पाहिलं. डगमगलं, पण पडलं नाही.

तुमच्याही घरी माझी एखादी बहीण चादरीखाली असेल तर तिला बाहेर काढा. दात खाली ठेवा, बोटं सैल सोडा. आणि काहीही कायमचं चिकटवण्याआधी ते एकदा उलटून वाचा. वडिलांनी काय लिहून ठेवलंय, ते एकसष्ट वर्षांनी कळण्यापेक्षा आजच कळलेलं बरं.