मालनबाईच्या माहेरी मी राहून आले

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे. म्हातारी असं मी म्हणायचं. दुसऱ्यानं म्हटलेलं मला खपत नाही. माझा जन्म हडपसरच्या याच गोठ्यातला. समोर आज काचेची कंपनी उभी आहे ना, तिथं आमचं हिरव्या कडवळाचं रान होतं. कडवळ मी खाल्लं. कंपनी खाता येत नाही, नाहीतर तिचाही निकाल लावला असता.

माझं दूध गल्लीत नावाजलेलं. कंपनीतली अकोल्याकडची भाडेकरू पोरं गडू घेऊन यायची आणि साय बघून "बाप्पा" म्हणायची. त्यानं मला तोरा चढला. धार काढायची ती आमच्या मालकिणीनं, मालनबाईनंच. दुसरा हात लागला की मी लाथ झाडायची. लोक कौतुकानं सांगत, हिला मालनबाईशिवाय चालत नाही. मी मान डोलवायची.

गेल्या मे महिन्यात तिच्या मुलानं, संतोषनं, घरच्यांना महाबळेश्वरला न्यायचं ठरवलं. तो त्याच काचेच्या कंपनीत नोकरीला आहे. मला टेम्पोत घालून भोरजवळ मालनबाईच्या माहेरी पोचवलं, तिच्या भावाकडे, सर्जेरावांकडे. त्यांची बोटं थेट बहिणीसारखी, म्हणून त्यांना मी धार दिली. बाकी दिवसभर डोहात. नाकापर्यंत पाणी आणि पाठीवर बगळा. असं सुख मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं परत आणलं. फरशी तीच, दावं तेच, डोहाच्या जागी पाण्याची नळी. मी पान्हा चोरला. मालनबाईनं कास धुतली, चुचकारलं, पुढ्यात पेंड ठेवली. पेंड खाल्ली, दूध दिलं नाही. सकाळी नाही, संध्याकाळीही नाही.

संतोष म्हणाला, "आई, ही आटली. बाजार दाखवू हिला. गोठ्याच्या जागी दोन खोल्या निघतील."

"आटली न्हाई, माजलीय. माझ्या माहेरची हवा लागलीय तिला."

"मग पान्ह्याचं इंजेक्शन देऊ."

"तूच घे टोचून. कामावर जायच्या नावानं सकाळपासून तोंड पाडून बसलायस."

संतोष बाहेर गेला. मालनबाई बादली घेऊन माझ्याजवळ बसली आणि हळूच बोलली, "चार दिस जाऊन आलीस तर एवढा रुसवा? आन् मी गं? कैक वर्सं झाली, एक रात माहेरी राह्यले न्हाई. आधी तुझ्या आईची धार, मग तुझी. माझी आई गेली, तवाबी तिला पोचवून सांजच्या धारेला माघारी आले." मग कासेला हात लावत म्हणाली, "डोहाला पानी हाय का गं अजून?"

मी रवंथ करायची थांबले. ती सांज मला आठवते. तिचे हात गार होते, एवढंच मला कळलं होतं. माझ्या तोऱ्याचं दावं तिच्या पायात होतं आणि मी वर मान डोलवत होते. पान्हा मला न विचारता सुटला. बादली भरली, पण मनाची बोच काही गेली नाही.

संतोषनं ते दाराआडून ऐकलं असावं. नागपंचमीला त्यानंच आईची पिशवी भरून तिला भोरच्या एसटीत बसवलं आणि तो स्वतः धारेला आला. हात कडक. गळ्यातलं कंपनीचं कार्ड माझ्या मांडीवर आपटत होतं. पाय शिवशिवला, पण मी तो आवरला.

चार दिवसांनी मालनबाई परत आली. पिशवी मांडीवर घेऊन गोठ्यासमोरच्या दगडावर बसली. घरात जाईना, पदर खोचेना. माझी कास भरून ठणकत होती. ओरडावं असं फार वाटलं, पण ओरडले नाही. मला तोंड कुठे होतं?

मित्रांनो, आम्हा जनावरांना वेळेवर चारा घाला, पाणी दाखवा, ते तर आहेच. पण बाहेरगावाहून आलेल्या आईला दारातच 'खायला काय करतेस' म्हणून विचारू नका. तिला जरा बसू द्या. ती आपणहून उठते.

मालनबाईही उठली. बादली घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "लाथ न्हाई मारलीस म्हनं. म्हातारी झालीस की काय?"

तिचं तेवढं मी खपवून घेतलं.