सगळ्यात कमी बोली

मी लोखंडाची आहे, म्हणून मला काही लागत नाही असं माणसांना वाटतं. मी एक पॉवर प्रेस. पत्रा माझ्या जबड्यात ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, की माझा वरचा ठोकळा तीस टनांच्या जोरानं खाली येतो आणि पत्र्याचा घडीव तुकडा पडतो. माझं काम तेवढंच. पण एकदा पत्र्याबरोबर एका बाईचा उजवा हातही माझ्या जबड्यात आला. ते कसं झालं ते मला सांगायचं आहे. माझ्याइतकं जवळून ते कुणीच पाहिलेलं नाही.

पंजाबातल्या बटाल्याला एका भट्टीत उकळतं बिडाचं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. १९९५ साली साखळदंडांनी ट्रकवर आवळून मला शिरूर तालुक्यात कारेगावला आणलं. रांजणगावच्या एमआयडीसीत तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. माझे मालक आनंदराव हे इनामगावचे. घोड नदीकाठी त्यांची भाजी-फुलांची शेती होती. कारखान्यांना लागणारे छोटे पत्र्याचे भाग करून द्यावेत म्हणून त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि पहिली मला घेतली.

माझ्या तोंडापुढे एक लोखंडी जाळी होती. ती खाली आल्याशिवाय माझं पेडल दबत नसे. म्हणजे हात आत असताना मी चालूच शकत नसे. त्या जाळीपायी प्रत्येक नगाला दोन सेकंद जादा लागायची, पण ती होती तोवर, दहा वर्षं, कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही.

मोटरसायकलला बसणारी एक क्लिप मी करत असे. पुण्याकडची एक मोठी कंपनी ती घ्यायची. वर्षातून एकदा कंपनीचे साहेब शेडमध्ये यायचे, चहा प्यायचे, मला चालताना बघायचे आणि भावावरून आनंदरावांशी तासभर भांडायचे. भाव पाडायचेच, पण समोर काम करणारी माणसं बघून कुठंतरी थांबायचे.

म्हाळसा माझ्यावर कामाला आली ती २००१ साली. तिच्या माहेरी आजोबांपर्यंत सगळे मेंढरं घेऊन फिरणारे. ती नग मोजायची तेही विसांमध्ये, एक ईस, दोन ईस, असं. आठवी शिकलेली, पण माझा आवाज तिला शेडमधल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळायचा. एकदा पेडल एकदाच दाबलेलं असताना मी दोनदा खाली आले. जाळी बंद होती, म्हणून काही झालं नाही. तिनं लगेच मोटर बंद करून आनंदरावांना हाक मारली.

"आप्पा, ही आपल्या मनानं खाली येतीया. आतली चावी झिजली असंल."

चावी म्हणजे माझ्या चाकातला तो तुकडा, जो मला वेळेवर थांबवतो. आनंदरावांनी त्या आठवड्यातच नवी बसवली. तेव्हाचे आनंदराव असे होते.

मग २००५ साली कंपनीचं पत्र आलं. यापुढे भाव समोरासमोर बसून ठरणार नाही. इंटरनेटवर उलटा लिलाव होईल. जो सगळ्यात कमी बोली लावेल, त्याला वर्षाचं काम. आनंदरावांनी शेडच्या काचेच्या खोलीत कॉम्प्युटर आणला. ती खोली बरोबर माझ्यासमोर होती. लिलावाच्या दिवशी त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी धनश्री माऊस धरून बसली.

पडद्यावर कुणाचं नाव नव्हतं, फक्त क्रमांक होते. आनंदराव क्रमांक तीन. अर्ध्या तासात बाकीचे गळाले आणि समोर एकटा क्रमांक सहा उरला. वेळ संपत आली की तो पाच पैशांनी खाली उतरायचा आणि घड्याळ आपोआप तीन मिनिटं पुढं सरकायचं.

"पप्पा, सहा नंबरनं पाच रुपये टाकले," धनश्री म्हणाली. आदल्या वर्षी तोच भाव सव्वासात होता.

"चार पंच्याण्णव टाक."

"पप्पा, नुसता पत्राच साडेतीनचा हाय. पगार, लाईट, गाडीभाडं कुठनं काढायचं?"

"काम गेलं तर शेडला कुलूप लागंल. टाक म्हणतो ना."

तिचा हात थांबला. आनंदरावांनी तो मनगटाला धरून बाजूला फेकला आणि स्वतः आकडे दाबायला लागले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. दिसत नसलेल्या त्या माणसाला ते शिव्या देत होते, टेबलावर मूठ आपटत होते. आनंदरावांनी चार रुपये ऐंशी टाकले आणि क्रमांक सहा थांबला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत अभिनंदन आलं. आनंदराव खुर्चीत मागं रेलले. त्यांना खरंच जिंकल्यासारखं वाटलं होतं.

आठ दिवसांनी ते पाना घेऊन माझ्यासमोर आले.

"आप्पा, जाळी असू द्या," म्हाळसा म्हणाली.

"त्या दोन सेकंदांपायी दिवसाला हजार नग मागं राहत्यात. या भावात ते परवडत न्हाई. एवढं वर्षभर जरा जपून कर."

"आन् चावी? पुन्हा आवाज यायला लागलाय."

"बघू दिवाळीनंतर."

जाळी निघाली. ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. म्हाळसा कामावर आली नसती, तर दुसरी कुणी आली असती. हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून ती आली.

दिवाळीला अजून तीन आठवडे होते. दुपारची जेवणं नुकती झाली होती. म्हाळसानं तयार नग काढायला हात आत घातला. तिचा पाय पेडलवर नव्हता, हे मी शपथेवर सांगते. माझ्या आतली चावी निसटली आणि मी खाली आले. मला थांबता आलं नाही. तीस टन. पत्रा चिरडताना जो आवाज होतो, त्याहून हा आवाज लहान होता. अंगठा सोडून चारही बोटं मुळापासून गेली आणि तळव्याचा पुढचा भाग चेपून डायवर, म्हणजे माझ्या खालच्या साच्यावर, बसला. रक्त तेलात मिसळून माझ्या बैठकीवरून खाली गळायला लागलं.

ती आधी ओरडली नाही. तिनं डाव्या हातानं माझा स्विच बंद केला. मग म्हणाली, "कुणीतरी चाक उलटं फिरवा. माझा हात आत हाय."

चाक उलटं फिरवताना शेजारच्या मशीनवरच्या साखरबाईला भोवळ आली. आनंदराव म्हाळसाला उचलून टेम्पोकडं धावले तेव्हा त्यांचा पांढरा सदरा पोटापर्यंत लाल झाला होता.

चौथ्या दिवशी आनंदरावांचे मेहुणे बापूसाहेब आले. ते दौंड तालुक्यातल्या खुटबावचे. त्यांचीही कुरकुंभला अशीच शेड होती. माझ्यासमोर उभे राहून ते सल्ला देत होते.

"दाजी, इन्स्पेक्टर आला की सांगायचं, बाईनंच जाळी काढली. लवकर घरी जायचं म्हणून. आपल्याला माहीतच नव्हतं."

म्हाळसाचा नवरा संपत दारात उभा होता. तो आपल्या बायकोचा डबा आणि चपला न्यायला आला होता. त्यानं ते सगळं ऐकलं. कोपऱ्यातली पहार उचलून त्यानं पहिला घाव माझ्या चाकावरच्या झाकणावर घातला. दुसरा, तिसरा. झाकण फाटलं, दिव्याची काच उडाली. मग तो पहार घेऊन आनंदरावांकडं वळला.

"तिनं जाळी काढली व्हय? बोला की. तिनं काढली?"

आनंदराव जागचे हलले नाहीत. बापूसाहेबांनी संपतला मागून मिठीत आवळून धरलं आणि धापा टाकत म्हणाले, "आरं, दाजींचा काय दोष? या भावात जाळी लावून धंदा व्हतच न्हाई. मी सोता चार पंच्याऐंशीला आलो व्हतो. काम मला मिळालं असतं तर मीपण काढल्याच असत्या जाळ्या."

 आनंदरावांनी हळू विचारलं, "तू सहा नंबर व्हतास?"

बापूसाहेबांच्या लक्षात आलं. "म्हंजी तीन नंबर... दाजी, तुम्ही?"

दोघं सख्खे नातलग. दर सणाला एका पंगतीत बसणारे. एकानं दुसऱ्याला फोन केला असता, तर दोघंही सहा रुपयांवर थांबले असते. आनंदराव त्यांच्या अंगावर गेले. पहिल्याच ठोशात बापूसाहेबांचा ओठ फुटला. बापूसाहेबांनी त्यांना कमरेत धरून खाली पाडलं. पत्र्याच्या धारदार कातरणांवर दोघं लोळले, एकमेकांचे गळे धरून, कोपरं आणि गुडघे सोलपटून. "माझा भाव पाडलास," असं दोघंही ओरडत होते. संपतच्या हातात पहार तशीच होती. तो थोडा वेळ बघत राहिला. जे करायला तो निघाला होता, ते त्या दोघांनीच एकमेकांचं चालवलं होतं. त्यानं पहार खाली ठेवली, डबा आणि चपला घेतल्या आणि निघून गेला.

इन्स्पेक्टर आला तेव्हा आनंदरावांच्या डोळ्याखाली टाके होते. ते म्हणाले, "जाळी मी काढली. चावी झिजल्याचं बाईनं मला आधीच सांगितलं व्हतं."

केस झाली. दंड झाला. म्हाळसाला भरपाई मिळाली ती आनंदरावांच्या इनामगावच्या मळ्याचा एक तुकडा विकून. ते तिला घेऊन कंपनीच्या ऑफिसातही जाऊन आले. तिथला तरुण साहेब वाईट नव्हता. त्यानं तिच्या हाताकडं बघितलं आणि मान खाली घातली. "पण आम्ही जाळी काढायला सांगितली नव्हती. आम्ही फक्त भाव मागितला," तो म्हणाला. परत आल्यावर म्हाळसानंच हे शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं. वर म्हणाली, "खोटं न्हाई बोलला तो. तेच वाईट वाटलं."

आनंदरावांनी मला जाळी परत लावली, चावी बदलली, आणि चार रुपये ऐंशीच्या भावात नग देणं जमणार नाही असं कळवलं. कंपनीनं पुन्हा लिलाव केला. काम चार रुपये साठ पैशांना गेलं. कुणाकडं, ते अजून माहीत नाही. तिथंही माझ्यासारखी एखादी असेल. बापूसाहेब आणि आनंदराव एकमेकांच्या दारी गेले नाहीत. दोन्ही शेडची दारं तीन वर्षांत बंद झाली.

आता २००९ साल आहे. मला विकायचं म्हणून धनश्रीनं माझे फोटो काढून इंटरनेटवर टाकले. रोज फोन येतात. मी चांगली चालते का, हे फार थोडे विचारतात. शेवटचं किती, एवढंच बहुतेकांना हवं असतं. काल एकानं विचारलं, जाळी तुम्हीच ठेवून घ्या, किंमत किती कमी कराल? आनंदरावांनी फोन ठेवला आणि भंगारवाल्याला बोलावलं. भंगाराचे पैसे निम्म्याहून कमी येणार. धनश्रीनं ते बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "येऊ दे कमी."

स्वस्त घेऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पै-पै बघून संसार करणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. पण पडद्यावर आकडा खाली खाली येताना पाहून तुम्हाला आनंद झाला, तर तो आणखी खाली ढकलण्याआधी एकदा थांबा. खाली कुणीतरी आहे. तुम्हाला ते दिसत नाही, म्हणून ते नाही असं समजू नका.

आज सकाळी भंगारवाल्याची दोन माणसं घण घेऊन आली. बिडाचं लोखंड तोडूनच न्यावं लागतं. आनंदरावांनी निरोप दिला होता, म्हणून म्हाळसाही आली. उजवा हात पदरात झाकून ती माझ्याजवळ उभी राहिली. डावा हात तिनं माझ्या थंड अंगावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग बाजूला सरून त्या माणसांना म्हणाली,

"आधी हे तोंड फोडा."