मीठ आधी आत गेलं

रविवारी टेम्पो आला आणि निमेश-रिद्धीला घेऊन गेला.

पण ते सोडा. असं काही झालेलं नाही. रविवार अजून उजाडायचा आहे आणि निमेश मजेत आहे. निदान केळव्याला आईला त्याने फोनवर तसंच सांगितलंय.

झालं ते इतकंच, की निमेशला घर आवडलं. पाम गावाच्या पुढे, समुद्राच्या अंगाला, ‘सागरकिरण’ नावाची आठ बैठ्या घरांची आळी. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत पडद्यांतसुद्धा कंपन्यांचा वास मुरला होता. इथे वारा खारा, अंगण लख्ख, आणि झाड एकही नाही. नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेल्या वाडीवाल्याच्या पोराला हे खटकायला हवं होतं. पण घर बघायला गेलेला माणूस नळाला पाणी येतं का ते बघतो. नळाला पाणी येत होतं.

आळीतली माणसं सडपातळ, शांत आणि जराशी तपकिरी.

"योगा करत असतील," निमेशची बायको रिद्धी म्हणाली.

आळीचे अध्यक्ष नामदेवकाका म्हणाले, "आदी र्‍हायला या, कागद मागनं करू. घाई काय हाय?"

निमेशची आई प्रेमला केळव्याहून मुद्दाम आली. नव्या घरात आधी मीठ जातं, मग माणसं, ही तिच्याकडची रीत. तिने उंबऱ्यावर मीठ ठेवलं, चारी कोपऱ्यांत ठेवलं, दोघांवरून मूठमूठ ओवाळलं आणि अंगणात टाकलं. सगळी आळी दारात उभी राहून बघत होती. शेजारची साखरबाई, जिचा जन्म मासळी सुकवण्यात गेला, तिने विचारलं, "मीट लावलं का?"

"लावलं हो, लावलं," आई कौतुकाने म्हणाली.

साखरबाईने मान डोलावली. आळी आपापल्या घरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून समोरचे नरहरीकाका काठी घेऊन निमेशच्या दारापाशी बसू लागले. कावळा दिसला की काठी आपटायचे, मांजर दिसली की उठून मागे लागायचे. निमेशला वाटलं, काय शेजार आहे.

सुट्टीच्या दुपारी तो अंगणात चटई टाकून पडला. डोळा लागतोय तोच साखरबाई डोक्याशी येऊन उभी राहिली.

"पालथा हो रं, बाबा."

"का?"

"या अंगानं झालं."

मोठ्या माणसांशी वाद घालायचा नाही, हे निमेशला लहानपणीच शिकवलेलं. तो पालथा झाला.

थंडी सरता सरता रिद्धीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. निमेशला तहान लागेना, घाम येईना. आरशात तो उभा राहिला की आरसा जास्त रुंद वाटायचा. आणि एका सोमवारी पाच नंबरच्या घराला कुलूप दिसलं.

"पाच नंबरवाले कुठे गेले?" त्याने नरहरीकाकांना विचारलं.

"बाजारात."

"परत कधी येणार?"

काका कितीतरी वेळ हसले. "तुमी जाम विनोदी हाय," म्हणाले.

मग निमेशने साखरबाईला गाठलं. तिने काही लपवलं नाही. "हे मासळी सुकवायचं खळं हाय, बाबा. बिल्डरनं वर घरं बांदली म्हनून खळं थोडंच उटून जाते? खळ्यावर मीट लावून जे ठेवलं, ते सुकायला ठेवलं. तुज्या आईनं ठेवलं. आमी काय तुला बोलवाया आलेलो?"

"आणि तुम्ही सगळे?"

"आमच्या नावावर घरं हाईत. नावावर घर झालं का तो राखनीला बसतो. नाय झालं का माल. माल रविवारच्या टेम्पोत."

"आम्ही बोईसरला परत गेलो तर?"

"अर्दं सुकलेलं उचललं तर सडते. पाच नंबरवाल्याचा मेवना पळालेला. पालघरपर्यंत पन नाय टिकला."

उद्या पाणी येणार नाही हे सांगावं, तशा सुरात ती हे सांगत होती.

म्हणजे एकच वाट उरली: रविवारच्या आत घर नावावर करायचं. शुक्रवारी दोघं कागद घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेली. सगळं जुळलं. शेवटी कारकून म्हणाला, "अंगठा ठेवा."

निमेशने ठेवला. मशीनवर लाल दिवा लागला. पुसून ठेवला, लाल. दाबून ठेवला, कडकन आवाज आला आणि लाल.

"रेषा कुठायत तुमच्या?"

"वाळल्या."

"मॅडम, तुम्ही ठेवा." रिद्धीने ठेवला. मशीन बंदच पडलं. कारकुनाने तिचा अंगठा उजेडात धरला, नाकाशी नेला, आणि विचारलं, "हा माणसाचाच आहे ना?"

"सध्या," रिद्धी म्हणाली.

"मग सोमवारी या."

परत आल्यावर रिद्धी न सांगता अंगणात जाऊन आडवी झाली. नामदेवकाका दोरी घेऊन आले होते, नुसतंच माप बघायला.

"आम्हाला वेगवेगळं नाही ना बांधणार?" तिने विचारलं.

"छ्या. बोंबील कसा टांगतो आपन? जबड्यात जबडा अडकवून. जोडी आमी तोडत नाय, पोरी."

निमेश आत गेला. पेन धरताना बोटं करकरली, पण अक्षर अजून चांगलं होतं.

"प्रति, मा. दुय्यम निबंधक. महोदय, अर्जदार व त्यांची पत्नी यांचे अंगठे पूर्वीप्रमाणे ओले आहेत असे गृहीत धरून त्यांच्या घराचा दस्त आजच्या तारखेत नोंदवून मिळावा. ते नियमात बसत नसल्यास येता रविवार रद्द करण्यात यावा व शनिवारनंतर थेट सोमवार सुरू करण्याबाबत संबंधितांस आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."